रडू येते म्हणजे विश्वास कमी पडला का?

"पुनरुत्थानावर माझा विश्वास आहे, तरीही मला सावरता येत नाही, माझा विश्वासच कमी पडत असेल का?" हा प्रश्न समुपदेशक म्हणून माझ्यासमोर शब्द बदलून पुन्हा पुन्हा येतो. विचारणारा कधी पत्नी गेलेला निवृत्त कारकून असतो, तर कधी तरणाताठा मुलगा गमावलेली आई. माणूस गेल्याचे दुःख असतेच, पण त्यावर आपण कच्चे ख्रिस्ती निघालो याची लाजही चढलेली असते आणि शोकातला एकटेपणा मुख्यतः या लाजेवरच पोसला जातो, असे माझे ठाम मत आहे. म्हणून एका बाईंची हकीकत त्यांच्या संमतीने, तपशील बदलून, येथे सांगते.

बाई निवृत्त शिक्षिका, राहणार अहमदनगर (आताचे अहिल्यानगर). तेथे अमेरिकन मराठी मिशनचे काम 1831 मध्ये सुरू झाले, त्यामुळे तिथल्या जुन्या ख्रिस्ती घरांत पिढ्यानपिढ्या बायबल पाठ असते. बाईंनाही वचने मुखोद्गत होती. पण आठवत होती ती सगळी धीराची, आनंदाची आणि उपकारस्तुतीची. पती हृदयविकाराने अचानक गेले, मुलगा परदेशी. रविवारी त्या दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसत आणि "कशा आहात?" या प्रश्नाला तोंड द्यावे लागू नये म्हणून आशीर्वादवचनाआधीच बाहेर पडत. एका नातलगाने त्यांना पंडिता रमाबाईंसारखे खंबीर होण्याचा सल्ला दिला होता. रमाबाईंनी दुष्काळात आईवडील, 1880 मध्ये भाऊ, 1882 मध्ये पती आणि 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गमावली हे खरेच. पण अशी उदाहरणे देताना आपण मधली शोकाची वर्षे सोयीस्करपणे गाळतो.

"प्रार्थना होते का?" मी विचारले.

"गुडघे टेकते, ताई. पण तोंडातून शब्द निघत नाही. आभार मानवत नाहीत, आणि दुसरं काय बोलायचं?"

त्या 'दुसरं काय बोलायचं' यातच सारे अडले होते. एखाद्याशी फक्त गोडच बोलायचे असे ठरवले की, गोड बोलण्यासारखे काही उरले नाही त्या दिवशी संभाषण बंद पडते. देवाशीही तसेच होते. पुढच्या भेटींतून मी त्यांना धीर देणे जाणीवपूर्वक टाळले. एके दिवशी त्यांच्या हाती बायबल दिले आणि स्तोत्र 88 मोठ्याने वाचायला सांगितले.

वर्गात वाचावे तसे त्यांनी ते स्वच्छ, सावकाश वाचले. शेवटची ओळ अंधारावर आली आणि बाईंनी सहज पान उलटले. पुढे स्तोत्र 89 होते. त्यांनी पुन्हा मागचे पान काढून बोटाने शेवटची ओळ तपासली.

"संपलं? एखाद्या मुलाने निबंध असा सोडला असता, तर मी शेवट पुरा करून आण म्हटलं असतं."

"पण हे कोणी परत पाठवलेलं नाही. तसंच ठेवलंय. आणि हा माणूस हे सगळं कोणाला सांगतोय?"

बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "देवालाच." आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे न पाहता, "प्रभू, निदान मला सांगून तरी न्यायचं होतंस. मी स्वयंपाकघरात होते." त्यानंतर त्या मोकळेपणाने रडल्या. दफनविधीनंतर प्रथमच, असे त्यांनी नंतर सांगितले. समुपदेशकाला असे क्षण रोज लाभत नाहीत. मी मनोमन सुखावले होते, हे लपवत नाही. ज्या प्रार्थनेची त्या महिनोन्महिने वाट पाहत होत्या, ती तक्रारीच्या रूपाने झाली होती.

दीडशे स्तोत्रांपैकी साधारण एक-तृतीयांश विलापाची आहेत. मेलेल्या लाजराला पुन्हा जिवंत करणार हे ठाऊक असूनही येशू त्याच्या कबरेकडे जाताना रडला. प्रेषित पौलानेही पत्रातून थेस्सलनीका शहरातल्या मंडळीला खेद करूच नका असे सांगितलेले नाही; आशा नसलेल्यांसारखा खेद करू नका, एवढेच तो म्हणतो. म्हणजे ख्रिस्ती आशा ही अश्रूंना पर्याय म्हणून दिलेली नाही, ती अश्रूंच्या सोबत चालते. गेलेल्या माणसाला 'विसरून पुढे जा' या सल्ल्यावर माझा मुळातच विश्वास नाही. त्याच्याशी असलेले नाते नव्या रीतीने जपावे लागते, आणि पुन्हा भेटीच्या वचनावर ज्याचा विश्वास आहे त्याला तर ते अधिक मोकळेपणाने जपता येते. बाई आता पतीच्या आवडीचे गीत गुणगुणतात, मध्येच थांबतात आणि पुन्हा सुरू करतात.

आप्तांनी आणि मंडळीने काय करावे, हेही लोक विचारतात. बायबलमधल्या, मुले आणि सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री काहीही न बोलता त्याच्याजवळ बसले, तेवढाच काळ ते खरे मित्र होते; बोलायला लागले आणि बिघडले. "प्रभूची इच्छा" हे वाक्य शोकाकुल माणसाने स्वतः उच्चारले तर ऐकावे, आपण होऊन त्याच्या हाती देऊ नये. मरण मागणाऱ्या एलीया संदेष्ट्याला देवदूताने उपदेश केला नाही. झोपू दिले, भाकर आणि पाणी दिले. तेव्हा पहिल्या आठवड्यातील गर्दीपेक्षा तिसऱ्या महिन्यात जेवणाचा डबा घेऊन येणारी एक व्यक्ती मोलाची, आणि तिचा वार ठरलेला असावा. झोप व अन्न आठवडेच्या आठवडे सुटले असेल किंवा जीव द्यावासा वाटत असेल, तर मात्र प्रार्थनेबरोबरच डॉक्टरांकडे जावे. सरकारची टेलि-मानस ही 14416 क्रमांकाची सेवा चोवीस तास उपलब्ध आहे. औषध घेणे हा अविश्वास नव्हे, हे पाळकांनी व्यासपीठावरून सांगितले तर माझे निम्मे काम हलके होईल.

पहिला नाताळ सर्वांनाच जड जातो. त्या दिवशी कोठे जेवायचे आणि कोणाबरोबर बसायचे, हे डिसेंबरच्या सुरुवातीलाच ठरवावे. बाईंनी घरावर तारा लावला नाही. फराळ मात्र केला, आणि शेजारच्या गल्लीतल्या, त्याच वर्षी विधवा झालेल्या तरुणीला करंज्या लाटायला बोलावून घेतले.