मुलाच्या वह्या रद्दीत घातल्या, आता त्याची समजूत कशी घालू?

प्रश्न : मी भुसावळच्या लोको शेडमध्ये टेक्निशियन आहे. मुलाची बारावी झाली, सीईटीला ९१ पर्सेंटाइल. लहानपणापासून रेल्वेचं वेड. कॉम्प्युटरला जा म्हटलं तर ‘मी रेल्वेत संशोधन करणार’ म्हणतो. फलाटावर बसून वह्या भरायचा : इंजिनांचे नंबर, कुठली गाडी सुटताना किती झटका बसला, असलं काहीबाही. चिडून मी त्या रद्दीत घातल्या. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. चाक नि रूळ कधीच शोधून झालेत, आता त्यात संशोधन काय उरलंय? त्याची समजूत कशी घालू?

उत्तर : पर्सेंटाइलचं नंतर बघू. आधी त्या वह्या. एलएचबी या नव्या धाटणीच्या डब्यांच्या गाड्यांना झटके बसतात, ही प्रवाशांची तक्रार इतकी वाढली की रेल्वेला डबे जोडणाऱ्या कपलरमधले, झटका शोषणारे ड्राफ्ट गिअर बदलायला घ्यावे लागले. ज्या प्रश्नावर पगारी इंजिनिअर बसले, तोच तुमचा मुलगा फलाटावर पेनाने टिपत होता, आणि तुम्ही त्याला रद्दीचा भाव लावलात. समजूत त्याची घालायची नाही. त्याची माफी मागा, आणि ‘पण’ न लावता मागा.

रात्रपाळ्यांत तुमची उमर गेली, पोराच्या वाट्याला ते नको, हे मला कळतं. पण तुम्हाला नकोशी झालेली नोकरी तो मागतच नाहीये. शेडचा राग तुम्ही त्याच्यावर काढताय.

आता ‘संशोधन काय उरलंय’. तुमच्या शेडमध्ये झिजलेलं चाक लेथवर घेऊन त्याची प्रोफाइल, म्हणजे कडेचा उतरता आकार, परत आणतात ना? चाकाचा तो उतार गाडीला रुळांच्या मधोमध ठेवतो. वेग वाढला की त्याच उतारामुळे बोगी, म्हणजे डब्याखालची चाकांची चौकट, नागमोडी डोलायला लागते. युद्धानंतर जपानी रेल्वेतल्या अनेकांना वाटत होतं, गाडी थरथरते ती खराब रुळांमुळे. लढाऊ विमानांच्या कंपनांवर काम केलेले तादाशी मात्सुदाइरा तिथल्या रेल्वे संशोधन संस्थेत आले आणि त्यांनी दाखवलं की थरथर चाक-बोगीच्या रचनेतूनच उपजते. त्या कामाच्या आधारावर १९६४ साली शिंकान्सेन ताशी २१० किलोमीटरने धावली. चाक तेव्हाही जुनंच होतं! कोटा-नागदा मार्गावर चाचणीत ताशी १८० किलोमीटरने धावणाऱ्या वंदे भारतमध्ये ठेवलेल्या, न सांडलेल्या पाण्याच्या ग्लासचा व्हिडिओ २०२२ मध्ये तुमच्याही मोबाइलवर आला असेल. त्या ग्लासमागे हाच प्रश्न आहे.

मुलालाही एक सांगायचंय. संशोधनाच्या या नोकरीत गाडी कमी आणि आकडे जास्त असतात. डब्यात सेन्सर लावायचे, प्रवाशांच्या जागी वजनं ठेवायची, त्याच मार्गावर पुन्हा पुन्हा धावायचं आणि मग आलेख नि अहवालांत आठवडेच्या आठवडे घालवायचे. वेडाने तिथे प्रवेश मिळतो असं नाही, गणित लागतं. डिफरन्शियल इक्वेशन्सचा कंटाळा येत असेल तर फलाटावरचा छंद छंदच राहू दे, त्यात कमीपणा काही नाही.

वाट नेहमीचीच : मेकॅनिकलची पदवी, मग ‘गेट’ ही प्रवेश परीक्षा देऊन एम.टेक. किंवा यूपीएससीची अभियांत्रिकी सेवा परीक्षा. रेल्वेची स्वतःची संशोधन संस्था असलेल्या लखनौच्या आरडीएसओखेरीज खरगपूर आयआयटीचं रेल्वे संशोधन केंद्र आहे, वडोदऱ्याचं गतिशक्ती विद्यापीठ आहे, आणि गाड्यांचे ब्रेक बनवणाऱ्या नॉर-ब्रेम्सचं तंत्रकेंद्र तर पुण्यातच आहे. कॉम्प्युटरचा हट्ट धरून त्याला रेल्वेपासून तोडता येईल, असंही समजू नका. गाड्यांची टक्कर टाळणाऱ्या ‘कवच’ यंत्रणेत सॉफ्टवेअरच आहे. पण बोगीत रमणाऱ्या मुलाला तिकडे ढकलू नका.

कॅप राउंडच्या आधी त्याला एकदा शेडमध्ये न्या आणि लेथपाशी उभं करून त्याचे प्रश्न ऐका. उत्तर येत नसेल तर तसं सांगा. आणि पसंतीक्रमाचा अर्ज त्यालाच भरू द्या. पासवर्डही त्याच्याकडेच राहू दे.