हिरवी पाटी आणि मागचे दार

प्रश्न : वाढदिवसानिमित्त आम्ही चौघे पुण्यातील एका शाकाहारी उपाहारगृहात जेवायला गेलो होतो. दारावर ‘पर्यावरणपूरक’ अशी पाटी होती, बांबूचे दिवे होते, सरबताबरोबर कागदी स्ट्रॉ आल्या आणि बिल नेहमीच्या दीडपट झाले. मात्र मे महिन्यात यादीत मटारचे तीन पदार्थ होते, पाणी सीलबंद बाटलीतून मिळाले आणि उरलेली भाजी प्लॅस्टिकच्या डब्यात बांधून आली. जास्तीचे पैसे आम्ही नेमके कशाचे मोजले? अशी जागा पारखावी कशी?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आपली नजर योग्य ठिकाणी गेली आहे. कागदी स्ट्रॉचे श्रेय त्या उपाहारगृहाला देण्याचे कारणच नाही, कारण एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या स्ट्रॉ, ताटल्या आणि चमचे यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे आणि महाराष्ट्राची स्वतःची बंदी तर त्याआधीची, २०१८ची आहे. कायदा पाळल्याची पाटी लावायची नसते.

खरी पारख पदार्थांच्या यादीवरून होते. मटार आपल्याकडे थंडीत येतो. मे महिन्यात ताटात पडतो तो बहुधा गोठवलेला, म्हणजे महिनोन्‌महिने शीतगृहाची वीज खाऊन आलेला असतो. याउलट पावसाच्या तोंडाला एखाद्या ठिकाणी फळ्यावर खडूने ‘शेवळाची भाजी’ लिहिलेली दिसली, तर खुशाल आत शिरावे. शेवळे खाजरी असतात. ती निगुतीने साफ करून, बारीक चिरून, काकड या रानझाडाच्या फळांचा रस किंवा चिंच घालून शिजवावी लागतात, आणि ती फार दिवस मिळतही नाहीत. हा खटाटोप करणाऱ्या स्वयंपाकघराची रानभाजी आणून देणाऱ्या बाईशी ओळख असतेच, आणि दुपारी दोन वाजता ‘भाजी संपली’ असे सांगायला तिथे कोणी लाजत नाही.

शाकाहार म्हटला की निसर्गावरचा भार आपोआप हलका झाला, ही समजूतही तपासून घ्यावी. एक किलो पनीरला साधारण पाच लिटर दूध लागते आणि त्या दुधामागे जनावराचा चारा व पाणी असते. यादीत पनीर आणि चीज यांचीच दोन पाने भरली असतील, तर भिंतीवरची वेल कितीही हिरवी असो, माझे मत फारसे अनुकूल होणार नाही. मटकीची उसळ, कुळथाचे पिठले आणि जमिनीतल्या ओलाव्यावर वाढणाऱ्या रब्बीच्या मालदांडी ज्वारीची भाकरी यांना ‘पर्यावरणपूरक’ हा मान अधिक शोभतो, आणि दुर्दैवाने हेच पदार्थ ‘गावरान’ नावाखाली अवाच्या सवा भावाने विकले जातात.

उरते ते मागचे दार. व्यवस्थापकाला दोनच प्रश्न विचारावेत : ओला कचरा कुठे जातो आणि तळणीचे वापरलेले तेल कोणाला देता? अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमानुसार, एकूण ध्रुवीय संयुगांचे (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात वाढत जाणाऱ्या घटकांचे) प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेलेले तेल १ जुलै २०१८ पासून स्वयंपाकात वापरता येत नाही. ते गोळा करून त्यापासून जैवडिझेल करता येते. ज्याचा कारभार चोख आहे तो तेल कोण आणि कोणत्या वारी नेतो हे लगेच सांगतो. बाकीचे ‘साहेबांना विचारून सांगतो’ म्हणतात.

दीडपट पैशांविषयी सांगायचे तर, ते शेतकऱ्याला बरा भाव आणि वाढप्याला बरा पगार देण्यासाठी घेतले असतील तर मला त्यात गैर वाटत नाही. दिव्यांसाठी घेतले असतील तर वाटते. पुढच्या वेळी पिशवीत घरचा स्टीलचा डबा ठेवा आणि भाजी अर्धी प्लेट मिळेल का, हे मागवतानाच विचारा. अमर्याद थाळीच्या ठिकाणी मात्र ताटावर हात आडवा धरायची तयारी हवी, कारण तिथला वाढपी आपल्या ‘पुरे’च्या आधीच वाटी भरून पुढे गेलेला असतो.