नवरा पदवीधरला उभा राहतोय आणि मी आकाशवाणीत, माझ्या नोकरीचं काय?

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. या ताई २००५ पासून आकाशवाणीत आहेत, आता एका केंद्रावर कार्यक्रम विभागाच्या प्रमुख आहेत, पोस्ट राजपत्रित. राहायला कोथरूडला. यजमान एका पक्षाचे पदाधिकारी, पुणे पदवीधर मतदारसंघातून विधान परिषद लढवायची तयारी चाललीय. घरात रोज वाद, ऑफिसात कुजबूज, आणि एका सीनियरने तर तोंडावर सांगितलं की मॅडम तुम्ही आता राजीनामा द्या किंवा बदली मागून घ्या.

पहिल्यांदा हेच डोक्यातून काढा. राजीनामा द्यायचा नाही. नवऱ्याने निवडणूक लढवायला नियमात कुठेही बंदी नाही, आणि त्यासाठी तुम्ही खुर्ची सोडावी असंही कुठे लिहिलेलं नाही. तुमच्या सीनियरने बहुतेक केंद्रीय नागरी सेवा वर्तणूक नियमांमधल्या नियम ५ चं दुसरं पोटकलम अर्धवट ऐकलंय. त्यात म्हणलंय की घरातल्या माणसाला अमुक हालचालीपासून रोखायचा प्रयत्न करा, नाही जमलं तर सरकारला कळवा. पण ते कायद्याने स्थापन झालेलं सरकार उलथवायच्या चळवळीबद्दल आहे हो, विधान परिषदेला उभं राहण्याबद्दल नाही. रीतसर निवडणूक लढवणं म्हणजे उलथवणं नव्हे. असं अर्धवट वाचून लोक बायकांना नोकऱ्या सोडायला लावतात याचा मला मनापासून राग येतो, कारण उलट केस असती, नवरा अधिकारी आणि बायको उमेदवार, तर राजीनाम्याचा विषयही निघाला नसता.

आता तुम्हाला नियम लागतात कुठले ते बघू. आकाशवाणी आणि दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीचा कायदा १९९० चा, लागू झाला १९९७ मध्ये, आणि त्यानंतर बरीच वर्षं कर्मचारी नक्की कोणाचे यावर घोळ चालला. तो पुढे कायद्यात दुरुस्ती करून मिटवला, ५ ऑक्टोबर २००७ ला जे नोकरीत होते ते केंद्र सरकारचेच कर्मचारी, प्रसार भारतीकडे मानीव प्रतिनियुक्तीवर, म्हणजे सरकारने तिकडे कामाला पाठवलेत असं धरलेले. तुम्ही २००५ च्या, म्हणजे यातच आलात, म्हणजे केंद्रीय नागरी सेवा वर्तणूक नियम १९६४ तुम्हाला सरळ लागू. नंतर लागलेल्या सहकाऱ्यांचं गणित वेगळं, त्यांनी आपलं नेमणूकपत्र काढून बघावं.

यजमान म्हणतात अमेरिकेत बघ, सिनेटरची बायको टीव्ही स्टेशन चालवते. खरंय ते. शॅरन पर्सी रॉकफेलर १९८९ मध्ये वॉशिंग्टनच्या वेटा या सार्वजनिक वाहिनीच्या प्रमुख झाल्या, आणि नवरा जे रॉकफेलर १९८५ ते २०१५ वेस्ट व्हर्जिनियाचा डेमोक्रॅट सिनेटर. शॅरनचे वडील चार्ल्स पर्सी तर दुसऱ्या, रिपब्लिकन पक्षाचे सिनेटर होते. पण वेटा ही ना-नफा संस्था आहे, प्रेक्षकांच्या देणग्यांवर उभी, त्या काही सरकारी नोकर नव्हत्या. तुम्ही आहात. त्यांचं उदाहरण एवढ्यापुरतंच घ्या की बाई एवढी वर्षं आपल्या हिमतीवर त्या खुर्चीत बसू शकते, बाकी त्यांना जे चालतं ते तुम्हाला चालेलच असं नाही.

नियम ५ चं चौथं पोटकलम मात्र नीट वाचा. विधिमंडळाच्या किंवा स्थानिक संस्थेच्या निवडणुकीत प्रचार नाही, वजन वापरणं नाही, भाग घेणं नाही. मत देता येतं, पण कोणाला देणार किंवा दिलं हे सांगायचं नाही, नवरा असला तरी नाही. आणि खाली स्पष्टीकरण आहे की स्वतःच्या अंगावर, गाडीवर किंवा राहत्या घरावर निवडणूक चिन्ह लावलं की ते वजन वापरणंच झालं. तुम्ही लिहिलंय की गाडी तुमच्या नावावर आहे आणि मागच्या काचेवर पक्षाच्या चिन्हाचा स्टिकर त्यांच्या कार्यकर्त्याने लावला, शिवाय तीच गाडी तुम्ही ऑफिसला नेता. ताई, हे वाचून होताच उठा आणि तो स्टिकर काढा, आणि प्रचाराला ती गाडी द्यायची नाही म्हणजे नाही. तसंच हॉलमध्ये संपर्क कार्यालय उघडायचं चाललंय ते पण नको, त्यांनी बाहेर गाळा भाड्याने घ्यावा. कार्यकर्ते चहाला आले तर येऊ देत, त्याने काही होत नाही, पण गॅलरीला झेंडा नको.

प्रचारपत्रिकेवर तुमचा फोटो आणि खाली 'आकाशवाणीचा लाडका आवाज' ही आयडिया तर पूर्ण बाद. ऑडिओ क्लिपला आवाज पण द्यायचा नाही. आणि हे फक्त तुमच्या नोकरीसाठी म्हणत नाहीये, हे त्यांच्याच अंगाशी येईल. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम १२३ च्या ७ व्या पोटकलमानुसार उमेदवाराने राजपत्रित अधिकाऱ्याची मदत निवडून येण्यासाठी घेतली तर तो भ्रष्ट आचार ठरतो आणि निवडणूक रद्द होऊ शकते. १२ जून १९७५ ला अलाहाबाद हायकोर्टाने इंदिरा गांधींची निवडणूक रद्द केली त्यात एक मुद्दा हाच होता, त्यांचे सहायक यशपाल कपूर सरकारी सेवेत असताना त्यांची मदत घेतली. पुढे सुप्रीम कोर्टात निकाल फिरला हे खरं, पण कलम आजही आहे तिथेच आहे. हे त्यांना वाचून दाखवा, बायकोचं ऐकत नसतील तर कलमाचं ऐकतील. मतदान किंवा मतमोजणी प्रतिनिधी पण व्हायचं नाही, त्याच कायद्याच्या कलम १३४अ खाली सरकारी नोकराला ३ महिन्यांपर्यंत कैद आहे. सूचक म्हणून सही नको. घरी औक्षण करा, जरूर करा, पण अर्ज भरायला विभागीय आयुक्तांच्या ऑफिसला मिरवणुकीत जाऊ नका.

आता फॉर्म १८ चा, म्हणजे पदवीधर मतदार म्हणून नाव नोंदवायच्या अर्जांचा गठ्ठा. पदवीधरची यादी दर वेळी नव्याने होते म्हणून सगळे उमेदवार फॉर्म भरून घ्यायच्या मागे असतात, आणि यजमानांना कळलंय की गठ्ठ्याने अर्ज एरवी घेत नाहीत पण कार्यालयप्रमुखाला स्वतःच्या स्टाफचे एकत्र पाठवता येतात, म्हणून तुमच्या मागे लागलेत. स्वतःचा फॉर्म भरा. स्टाफचे पाठवायचेच असतील तर प्रशासन विभागाने सर्वांसाठी परिपत्रक काढून पाठवावेत, तुमच्या टेबलावर एकही फॉर्म दिसता कामा नये. पैशाचंही तसंच, नियमात राजकीय कामाला वर्गणी पण नको म्हणलंय, तुमचा पगार जॉइंट खात्यात जमा होतो आणि त्यातूनच मंडपवाल्याला पैसे गेलेत. या महिन्यातच पगाराचं खातं एकट्याच्या नावावर करा.

उमेदवारी अर्जासोबतच्या प्रतिज्ञापत्राबद्दल तुम्ही चिडून लिहिलंय की माझे दागिने आणि एफडी मतदारसंघातल्या सगळ्या पाच जिल्ह्यांनी का बघायच्या. भावना समजते मला. पण इथे तुम्हाला पळवाट नाही. फॉर्म २६ मध्ये, म्हणजे याच प्रतिज्ञापत्रात, पत्नीची मालमत्ता, पॅन, मागच्या ५ वर्षांच्या रिटर्नमधलं उत्पन्न, उत्पन्नाचा स्रोत हे सगळं मागतात, आणि सुप्रीम कोर्टाने २००३ मध्येच सांगितलंय की इथे मतदाराचा माहितीचा हक्क मोठा. २०१३ च्या निकालाप्रमाणे रकाना कोरा सोडला तर अर्जच बाद होऊ शकतो, आणि खोटं लिहिलं तर लोकप्रतिनिधित्व कायद्याचंच कलम १२५अ, ६ महिन्यांपर्यंत कैद. फक्त एक करा, तुम्ही दर वर्षी ३१ जानेवारीपर्यंत ऑफिसला स्थावर मालमत्तेचं विवरण देता ना, ते आणि हे प्रतिज्ञापत्र शेजारी ठेवून ताळा करा. कोथरूडचा फ्लॅट, गावाकडची वाटणी, सगळं. विरोधक हेच दोन कागद शोधून काढतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, तुमचं रोजचं काम. प्रसार भारती कायद्याच्या कलम १२ मध्ये लिहिलंय की माहिती खरी, वस्तुनिष्ठ आणि वेगवेगळ्या बाजू मांडणारी द्यायची, स्वतःचं कुठलंही मत पुढे रेटायचं नाही. १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असं सांगितलं, तो निकाल लिहिणारे न्यायमूर्ती पी. बी. सावंत निवृत्तीनंतर आपल्या पुण्यातच राहायचे. तुम्ही लिहिलंय की विरोधी उमेदवाराची शिक्षणावरची मुलाखत आधीपासून ठरलेली आणि तुम्हाला ती ठेवायची का काढायची कळेना. दोन्ही नका करू! ठेवली तर घरात भांडण, काढली तर उद्या तक्रार, आणि तक्रार रास्त असेल. तो निर्णय तुमच्या टेबलावर यायलाच नको.

म्हणून लेखी द्या, आणि उमेदवारी जाहीर व्हायच्या आधी द्या. २०१४ मध्ये नियम ३ मध्ये भर पडली त्यात राजकीय तटस्थता तर आहेच, शिवाय कामाशी संबंध येणारा खासगी हितसंबंध जाहीर करून तो सोडवायची पावलं उचला असंही आहे. त्याचा आधार घ्या. केंद्रप्रमुखांना एक पानी अर्ज, प्रत महासंचालनालयाला: माझे पती अमुक मतदारसंघातून इच्छुक आहेत, मी त्यांच्या प्रचारात कुठल्याही प्रकारे सहभागी नाही, तरी निवडणूक, राजकीय पक्ष आणि उमेदवार यांच्याशी संबंधित कार्यक्रम, पाहुण्यांची निवड, मुलाखती यांचे निर्णय आजपासून दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्यावेत. नाटक, संगीत, शेती, बालकार्यक्रम तुमच्याकडेच राहू देत, ते सोडायचं काही कारण नाही. बदलीचा शब्दही लिहू नका, एकदा तुम्हीच मागितली की ती तुमच्या विनंतीवरची बदली होते. ते निवडून आले तर हीच व्यवस्था त्यांच्या टर्मभर चालू ठेवा.

आणि इलेक्शन ड्यूटीची ऑर्डर आली तर गप्प बसून प्रशिक्षणाला जाऊ नका, पती उमेदवार आहेत हे निवडणूक शाखेला त्याच दिवशी लेखी कळवा. दोन्ही अर्जांवर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊन ती प्रत घरी नाही, बहिणीकडे ठेवा, तुमच्या घरात आता पुढचे काही महिने कागद सापडायचे नाहीत. केंद्रप्रमुखांनी अर्ज घ्यायला खळखळ केली तर रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा आणि मला पोचपावतीचा फोटो टाका, पुढचं पत्र मी ड्राफ्ट करून देतो.