घर कुणाचं, ते आधी बघ

प्रिय मित्रा,

तुझ्या लेखाचा आराखडा वाचला. आयर्लंड श्रीमंत झालं तसा तिथल्या लेखनाचा सूर बदलला का, हा प्रश्न चांगला आहे. पण जीडीपीचा आलेख आणि पुस्तकांची यादी शेजारी-शेजारी ठेवून उत्तर काढायला निघालास, तिथंच गाडी अडणार.

आधी आलेखाचं बघ. २०१५ च्या पहिल्या आकडेवारीत आयर्लंडचा जीडीपी वर्षभरात २६ टक्क्यांनी वाढलेला दिसतो. बहुराष्ट्रीय कंपन्यांनी बौद्धिक संपदा कागदोपत्री तिथं हलवली, त्याचा तो फुगवटा. लोकांच्या खिशात तेवढं काही पडलं नव्हतं. म्हणूनच तिथलं सांख्यिकी कार्यालय २०१७ पासून 'सुधारित जीएनआय', म्हणजे असा फुगवटा वजा करून काढलेलं राष्ट्रीय उत्पन्न, वेगळं देतं. तो आकडा घे. त्याच्या जोडीला बेरोजगारी, स्थलांतर आणि घरबांधणीचे आकडे ठेव. कथेतल्या माणसांचं सुखदुःख या तिन्हींशी जास्त बांधलेलं असतं.

मग वहीत प्रत्येक पुस्तकापुढे दोन सालं लिही: गोष्ट घडते ते आणि पुस्तक निघालं ते. अर्धा गोंधळ इथंच मिटेल. फ्रँक मकोर्ट यांचं बालपणाच्या आठवणींचं पुस्तक 'अँजेलाज ॲशेस' निघालं १९९६ साली, 'केल्टिक टायगर' या नावानं ओळखली जाणारी आयर्लंडची तेजी सुरू झाली तेव्हा. आत मात्र १९३०-४० च्या दशकांतलं लिमरिक, ओल घरात शिरलेली, पोटं रिकामी. तेजीत गरिबीचं पुस्तक आलं म्हणून लगेच निष्कर्ष काढू नकोस, कारण मकोर्ट न्यूयॉर्कला राहत होते. डब्लिनचा मूड सिद्ध करायला हा पुरावा कच्चा आहे.

क्लेअर कीगन यांची 'स्मॉल थिंग्ज लाइक दीज' त्याच्या शेजारी ठेव: प्रकाशन २०२१, काळ १९८५. तिचा नायक कोळशाचा व्यापारी. पाच मुली, बरा चाललेला धंदा, म्हणजे गमावण्यासारखं बरंच काही. आणि गावच्या कॉन्व्हेंटमध्ये मुलींचे होणारे हाल त्याच्या नजरेस पडतात. मकोर्टकडे 'आम्ही काय सोसलं' हा सूर आहे. इथं 'आम्ही काय बघून न बघितल्यासारखं केलं' हा. सुबत्तेनं लेखनाला काय दिलं असेल तर हा दुसरा प्रश्न, असं माझं मत.

तेजीबद्दल कुणी लिहिलंच नाही, हे पालुपद तुला जागोजागी भेटेल. ते तसंच उचलू नकोस. रॉडी डॉइल यांनी 'मेट्रो एअरन' या स्थलांतरितांच्या वृत्तपत्रासाठी आठशे-आठशे शब्दांच्या हप्त्यांत कथा लिहिल्या, त्या ऐन तेजीतल्या. पिढ्यान्‌पिढ्या माणसं बाहेर पाठवणारा देश आता माणसं आत घेत होता, आणि त्या कथांचा सूर चक्क खेळकर आहे.

२००८ मध्ये बँका कोसळल्या, २०१० मध्ये ८५ अब्ज युरोंचं मदत पॅकेज आलं. त्याच वर्षी सरकारी पाहणीत अर्धवट सोडलेल्या २,८०० हून जास्त वसाहती मोजल्या गेल्या. लोक त्यांना 'घोस्ट इस्टेट' म्हणू लागले. तुझा लेख खरं तर इथंच उभा राहील. डोनल रायन यांच्या 'द स्पिनिंग हार्ट'मध्ये (२०१२) २१ माणसं एकेक करून बोलतात. बिल्डर पळालाय, कामगारांच्या विम्याचे पैसे त्यानं कधी भरलेच नव्हते. ४४ घरांच्या वसाहतीत राहतात दोनच जणी, एक लेकुरवाळी तरुणी आणि एक म्हातारी. आता सॅली रूनी यांची 'नॉर्मल पीपल' (२०१८) उघड. तिथंही तशीच ओसाड वसाहत आहे. पण दोन शाळकरी मुलं ती बघायला जातात, आणि मुलगी विचारते, विकली जात नाहीत तर ही घरं देऊन का टाकत नाहीत? तिला हे सुचतं, कारण तिचं घर मोठं आहे. मुलाची आई त्याच घरात साफसफाईला जाते. तशाच भिंती, पण एकीकडे धास्ती आणि दुसरीकडे कुतूहल. हे दोन प्रसंग समोरासमोर ठेवून निदान दीड पान लिही. घाई करू नकोस.

रायनच्या बिल्डरसाठी 'गुंठामंत्री' हा शब्द वापरायचा मोह होईल. टाळ. आपल्याकडचा गुंठामंत्री जमीन विकून श्रीमंत होतो; तिथली तेजी बँकांच्या कर्जावर चालली होती, आणि कर्जाची भीती वेगळी असते.

कविता या लेखात घेऊ नकोस, पसारा होईल. वहीतली सालं आणि ते दीड पान झालं की पाठव, प्रस्तावना मागाहून बघू.