बिलातला एक पैसा आणि भरतीच्या तक्त्यातला नॅन

प्रश्न : आमच्या बचत गटाच्या सुक्या मासळीच्या बिलांसाठी सी भाषेत प्रोग्रॅम लिहिला आहे. २०.५० रुपयांच्या सुकटीच्या पुडीवर ५ टक्के कमिशन पावतीत १.०२ येते आणि महिन्याच्या गोषवाऱ्यात १.०३. 'फे-सेट-राउंड' या फंक्शनने राउंडिंग 'अपवर्ड' (नेहमी वरच्या बाजूला) केले तर हिशेब जुळेल का?
– एक वाचक, हर्णै

उत्तर : जुळणार नाही, उलट बिघडेल. प्रोग्रॅममध्ये बहुधा एके ठिकाणी रकमेला ५ ने गुणून १०० ने भागले आहे आणि दुसरीकडे थेट ०.०५ ने गुणले आहे. कागदावर दोन्ही एकच, डबलमध्ये (सीच्या अपूर्णांक साठवण्याच्या प्रकारात) नाही. १.०२५ ही संख्या बायनरीत नेमकी बसतच नाही. तिच्या दोन बाजूंना असलेल्या जागा म्हणजे १.०२४९९९९९९९९९९९९९१ आणि १.०२५००००००००००००१३. १०२.५ ला १०० ने भागले की अलीकडची जागा जवळ पडते. ०.०५ मात्र साठवतानाच किंचित फुगलेला असतो, म्हणून गुणाकार पलीकडच्या जागेवर जातो. दोन दशांश स्थळांपर्यंत छापले की तोच फरक अख्ख्या पैशाचा दिसतो.

राउंडिंग मोड ठरवतो ते डबलच्या ५३ बिटांतल्या शेवटच्या बिटाचे काय करायचे ते. रुपये-पैसे त्याला ठाऊक नाहीत. शिवाय लिनक्सवरच्या जी-लिबसीत (सीच्या मूळ लायब्ररीत) छापणारा 'प्रिंट-एफ' चालू मोड पाळतो. मोड अपवर्ड राहिला तर १.०२१ सुद्धा १.०३ छापले जाईल.

पैशांचा हिशेब पूर्णांकातच करा. ६४ बिटांच्या पूर्णांकात २०५० पैसे घ्या, ५ ने गुणा (१०२५०), त्यात ५० मिळवा (१०३००) आणि १०० ने भागा : १०३ पैसे. टक्केवारी अडीच असेल तर २५ ने गुणा, ५०० मिळवा, १००० ने भागा. माल परत आल्यावर रक्कम उणे होते तिथे जपा. सीमधला पूर्णांक भागाकार शून्याकडे छाटतो, आणि उणे १०२५० मध्ये ५० मिळवून भागलेत तर उणे १०२ येते आणि परताव्यात पैसा गळतो. आधी चिन्ह बाजूला काढा, हिशेब करा, मग चिन्ह परत लावा.

पायथॉन भाषेचे 'डेसिमल' (दशांश हिशेबाचे मॉड्यूल) वापरणाऱ्यांसाठीही एक सूचना. त्याचा मूळ मोड 'हाफ-इव्हन' (नेमका अर्धा आला की सम संख्येकडे) आहे, म्हणजे ६२.५० चे ६२ होतात. जीएसटी कायद्याच्या कलम १७० प्रमाणे ५० पैसे किंवा जास्त असतील तर पूर्ण रुपया धरायचा, म्हणजे ६३. तिथे 'राउंड-हाफ-अप' स्वतः लिहून द्यावे लागते.

प्रश्न : भरती-ओहोटीचे तक्ते काढणारा प्रोग्रॅम लिहितो आहे. मध्येच एखादे वाचन नॅन ('ही संख्या नाही' अशी खूण) होते आणि पुढची सगळी सरासरी नॅन. एक्सेप्शन फ्लॅग (गणितात काही वेगळे घडल्याच्या खुणा) तपासले तर 'इनएक्झॅक्ट' (उत्तर नेमके बसले नाही) कायम लागलेला, आणि ओ-टू (वेगासाठीचा कंपाइलरचा पर्याय) लावून कंपाइल केले की बाकीचे फ्लॅगही बेभरवशाचे. कोणता फ्लॅग बघू?
– अभियांत्रिकीचा विद्यार्थी, रत्नागिरी

उत्तर : संगणकातल्या अपूर्णांकांच्या गणिताच्या आयईईई ७५४ या १९८५ च्या मानकात पाच फ्लॅग आहेत : इनव्हॅलिड, डिव्हाइड-बाय-झीरो, ओव्हरफ्लो, अंडरफ्लो, इनएक्झॅक्ट. एकाला तीनने भागले तरी इनएक्झॅक्ट लागतो, तेव्हा तो सोडून द्या. तुमच्या कामाचे पहिले तीन. शून्य भागिले शून्य किंवा उणे संख्येचे वर्गमूळ काढले की इनव्हॅलिड लागतो आणि हातात नॅन येतो. पाच भागिले शून्य केले की अनंत येते आणि दुसरा फ्लॅग लागतो.

फ्लॅग एकदा लागला की तुम्ही पुसेपर्यंत तसाच राहतो. म्हणून दिवसभराच्या वाचनांनंतर तो बघून काही कळत नाही, दर वाचनाला बघायला हवा. आधी 'फे-होल्ड-एक्सेप्ट' : यात जुनी स्थिती जपली जाते आणि फ्लॅग पुसले जातात. मग त्या एका वाचनाचे गणित. मग 'फे-टेस्ट-एक्सेप्ट'ला तिन्ही फ्लॅग देऊन विचारा आणि लागलेला असेल तर वाचनाची वेळ लॉगमध्ये लिहा. शेवटी 'फे-सेट-एन्व्ह'ने जुनी स्थिती परत आणा. हे शेवटचे राहून गेले की चूक तिसऱ्याच फंक्शनमध्ये दिसते आणि दोन दिवस शोधण्यात जातात.

ओ-टूचा त्रास वेगळा आहे. कंपाइलरला फ्लॅगची फिकीर नसते. तो गणित तपासणीच्या पलीकडे सरकवतो किंवा स्थिरांकांचे गणित कंपाइल करतानाच उरकतो. 'फेन्व्ह-अ‍ॅक्सेस' प्राग्मा (फ्लॅग जपायला सांगणारी कोडमधली सूचना) जीसीसी हा कंपाइलर मानत नाही. म्हणून 'एफ-राउंडिंग-मॅथ' द्या, गणिताचे फंक्शन वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, आणि आत जाणारे व बाहेर येणारे आकडे व्होलटाइल (कंपाइलरने परस्पर गृहीत न धरायचे) करा. क्लँग हा कंपाइलर असेल तर 'एफपी-मॉडेल' स्ट्रिक्ट ठेवा.

सगळ्यांत धोक्याची जागा इशाऱ्याची आहे. 'उंची धोक्याच्या पातळीहून जास्त' ही तुलना नॅनसाठी नेहमी खोटी ठरते. ऐन उधाणाला सेन्सर बिघडला तर भोंगा गप्प राहील. अट उलटी लिहा : 'उंची पातळीइतकी किंवा कमी असे नाही' तर इशारा. मग नॅनलाही भोंगा वाजेल.

राउंडिंग मोडचा खरा उपयोगही तुमच्याच कामात आहे. घटक-लाटांची (ज्या साध्या लाटा मिळून भरती मांडतात त्यांची) तीच बेरीज एकदा 'डाउनवर्ड' आणि एकदा 'अपवर्ड' मोडमध्ये चालवा. उत्तरे शेवटच्या एक-दोन अंकांतच हलली तर ठीक. मिलिमीटरपर्यंत फरक आला तर सूत्रात कुठेतरी जवळजवळ सारख्या संख्यांची वजाबाकी आहे, ती शोधा. या मानकामागचे विल्यम कहानही अशीच चाचणी सुचवत आले आहेत. कोसाइनच्या किमती मात्र आधी नेहमीच्या मोडमध्ये काढून ठेवा, कारण गणिती लायब्ररी इतर मोडमध्ये तितकीच काटेकोर असेल याची हमी नसते.

प्रश्न : वेगासाठी कंपाइलरचा 'फास्ट-मॅथ' पर्याय लावला तर चालेल का?
– एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : वरचे काहीही वापरत असाल तर नाही. फास्ट-मॅथमध्ये कंपाइलर नॅन आणि अनंत येणारच नाहीत असे धरतो आणि 'इज-नॅन'ची तपासणी काढून टाकू शकतो. जीसीसी १३ च्या आधी फास्ट-मॅथने बनवलेली एखादी शेअर्ड लायब्ररी जोडली तरी एक्स-८६ वर ती लोड करणाऱ्या थ्रेडमध्ये अतिसूक्ष्म संख्या शून्य धरल्या जात, मग तुमचा स्वतःचा कोड कितीही नीट कंपाइल केलेला असो.