आधी थंडी, मग भांडी

फोंडा, ४ जून

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या डिचोलीच्या नव्या बियरच्या कारखान्यासाठी तू पाठवलेली यंत्रांची तिन्ही कोटेशनं काल रात्री जेवण झाल्यावर घेऊन बसलो. तुझी काकू म्हणाली, पेपर तपासताय की काय? तसंच झालं खरं. तिघांनीही पहिल्या पानावर तांब्याच्या रंगाची, काचेची खिडकी असलेली कढई छापलीय. आणि चिलर, थंडी तयार करणारं यंत्र? पहिल्यात अगदी खाली ‘चिलर, १ नग’. किती टनाचा (टन म्हणजे थंड करायच्या ताकदीचं माप), कुठल्या तापमानाला, पत्ता नाही. दुसऱ्यात ‘ग्राहकाकडून’, म्हणजे तुझं तू बघ. तिसऱ्यात निदान ‘५ टन’ असा आकडा आहे, पण त्याच्याकडे नंतर येतो.

यातलं कुठलं घेऊ, असं तू विचारलंस. आहे तसं एकही घेऊ नकोस.

तुझ्या आजोबांची सत्तरी तालुक्यातली काजूच्या फेणीची भट्टी मी पाहिलीय. बोंडं तुडवायची, रस पिंपात आंबायला ठेवायचा, मग भाणात, म्हणजे तांब्याच्या हंड्यात, घालून खाली जाळ. आंबवताना उघड्यावर चार जंतू इकडचे तिकडचे पडले तरी पुढे विस्तव होताच. आंबवणं आधी, आग नंतर. बियरचं नेमकं उलट. उकळणं आधी, आंबवणं नंतर, आणि पुढे ग्लासापर्यंत दुसरा विस्तव नाही. उकळी थांबली की जे जे बियरला लागेल ते स्वच्छ हवं आणि थंड हवं. एक गोष्ट मात्र आजोबांची तुला लागू पडते. त्या भट्टीवर सगळ्यात कंटाळवाणं काम कुणाचं होतं आठव. लावणीवर, म्हणजे वाफ गार होऊन फेणी जमते त्या मडक्यावर, गार पाणी ओतत बसणाऱ्याचं. तो डुलकी घ्यायला लागला की आजोबा ओरडायचे. जाळाकडे ते स्वतः अधूनमधूनच बघायचे.

तुझा सगळा खर्च त्या पाणी ओतणाऱ्याच्या नजरेतून मांडून बघ.

तू पुस्तकं वाचून, व्हिडिओ बघून शिकलीस, चांगलंच केलंस. पण ती बहुतेक माणसं नळाला दहा-बारा अंशांचं पाणी येतं अशा गावांत बियर करतात. कढईतून निघालेलं उकळतं वर्ट (माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं बार्ली, त्याचा गोड काढा) प्लेटच्या एक्स्चेंजरमधून सोडलं, दुसऱ्या बाजूने नळाचं पाणी सोडलं, की झालं काम. आपल्याकडे मे महिन्यात छपरावरच्या काळ्या टाकीचं पाणी दुपारी अंगावर घेववत नाही. जमिनीखालच्या टाकीतलं घेतलं तरी २८ ते ३० अंश. तीस अंशांच्या पाण्याने वर्ट सहसा तेहतीस-चौतीसच्या खाली येत नाही, आणि एक्स्चेंजर कितीही मोठा घेतलास तरी तिसाच्या खाली नाहीच. आणि एल जातीच्या बियरचं यीस्ट तुला घालायचंय अठरा-वीस अंशांना.

हे मी वाचून शिकलो नाही. आमची पहिली बॅच एप्रिलमधली. डेअरीत बावीस वर्षं देखभालीत काढलेला माणूस मी, एक्स्चेंजर खोलून-जोडून हात काळे झालेले, तरी पुरवठादार म्हणाला ‘नळाचं पाणी पुरतं’ आणि मी मान डोलावली. रात्री साडेअकराला काटा ३४ वर येऊन बसला. शंभरेक लिटर टाकीत गेलेलं, बाकी सगळं कढईत वाफाळत. भागीदार पिकअप घेऊन मासळीवाल्यांच्या बर्फाच्या कारखान्यात गेला आणि गोणपाटात गुंडाळून लाद्या घेऊन आला. एका निळ्या पिंपात पाणी, त्यात आम्ही सळईने फोडलेला बर्फ, पिंपात छोटा पंप. बोटं बधिर, आणि सगळ्या शेडला बांगड्यांचा वास. वर्ट वीसवर यायला पहाटेचे साडेतीन वाजले. बर्फाचं पाणी प्लेटच्या पलीकडून जातं, बियरला लागत नाही, त्यामुळे मासळीचा वास आत गेला नाही. पण चार तास वर्ट कढईत गरम राहिलं होतं. फिकट माल्टचं वर्ट असं ताटकळलं की त्यात उकडलेल्या कणसाचा वास धरतो. तीन आठवड्यांनी पहिला ग्लास नाकाशी नेला तर जत्रेतल्या मक्याच्या गाडीसमोर उभं असल्यासारखं वाटलं. पाचशे लिटर गटारात.

तर हिशेब असा. ५०० लिटर वर्ट ३३ वरून २० अंशांवर पाऊण तासात आणायचं तर त्या पाऊण तासापुरती सुमारे १० किलोवॅट थंडी लागते, म्हणजे जवळजवळ ३ टन. एवढ्या मोठ्या चिलरला उरलेला दिवस काम नाही. त्यापेक्षा ६०० ते ७०० लिटरची, चांगलं इन्सुलेशन असलेली थंड पाण्याची टाकी घे. रात्रभर दहा तासांत ६०० लिटर पाणी २८ वरून ४ अंशांवर आणायला अर्धा टन पुरतो. सकाळी वर्ट त्याच पाण्याने एका फेरीत वीसवर येतं, आणि पलीकडून जे पाणी बाहेर पडतं ते ६५ अंशांच्या आसपास तापलेलं असतं. ते गरम पाण्याच्या टाकीत घे, पुढच्या घाण्याला कामी येईल. तुझ्या तिन्ही कोटेशनांत ही टाकी नाही. एकाही पुरवठादाराने तुला विचारलं नाही की डिचोलीच्या शेडमध्ये पाणी किती गरम येतं.

आता ते ‘५ टन’. चिलरचा टनाचा आकडा बहुधा ७ अंशांचं पाणी बाहेर पडतं असं धरून सांगतात. तुला ग्लायकॉल, म्हणजे टाक्यांभोवती फिरवायचं न गोठणारं द्रव, उणे ४ अंशांना लागणार, तेही बाहेर ऊन मी म्हणत असताना. तिथे तोच चिलर बराच कमी भरतो. म्हणून पत्रात सरळ विचार: ग्लायकॉल उणे ४, बाहेरची हवा ४० अंश, किती टन? उत्तर लेखी घे. एका मोठ्या कॉम्प्रेसरऐवजी दोन लहान, स्वतंत्र सर्किटचे माग. एक बसला तरी दुसऱ्यावर टाक्या तगतात, आणि तो बसणार तो शनिवारी संध्याकाळीच. कंडेन्सरच्या पत्र्यांना गंज न धरणारा थर दिलेला असावा. आपली हवा दमट आहे, डिचोली समुद्रापासून लांब असली तरी गंज धरतोच. ग्लायकॉल प्रॉपिलीनच, खाद्य दर्जाचं. कुणी स्वस्तात इथिलीन देऊ करेल. ते गाडीच्या रेडिएटरमध्ये घालायचं असतं, ते विष आहे.

पाइपांच्या इन्सुलेशनवर कंजुषी केलीस तर पावसाळ्यात शेडमध्ये दुसरा पाऊस पडेल. टाक्यांच्या बाहेरचा पत्रा सगळीकडून बंद वेल्ड केलेला हवा. फटीतून दमट हवा आत गेली की फोम भिजतो, आणि भिजलेला फोम म्हणजे ओली गोधडी.

यीस्टच्या टाक्यांबद्दल. कढई आठवड्यातून दोन दिवस राबते, टाकी मात्र रात्रंदिवस गुंतलेली असते. एल दोन-तीन आठवडे घेते, लागर ही थंडीत सावकाश आंबणारी बियर पाच-सहा. म्हणून कढई ५०० चीच राहू दे, टाक्या १००० च्या तीन घे आणि लागोपाठ दोन घाणे एका टाकीत सोड. ३१ डिसेंबरची गर्दी डोळ्यांसमोर ठेवून आकार ठरवू नकोस. मे संपला की किनाऱ्यावरचे शॅक उतरतात आणि मग चतुर्थीपर्यंत तुझी बियर पिणारे म्हणजे तू आणि तुझे मित्र. १००० म्हणजे एकूण की भरता येण्याजोगे, हेही विचार. फेसाला वर पाव भाग मोकळा लागतो. एकूणच १००० असेल तर दोन घाणे मावणार नाहीत.

स्टील ३०४ चं पुरतं. ३१६ साठी जास्तीचे पैसे मोजू नकोस, ते वेल्डिंगवर खर्च कर. कारखान्यात जाशील तेव्हा टॉर्च आणि जुन्या पांढऱ्या साडीचा तुकडा घेऊन जा. मॅनहोलमधून हात घालून आतल्या प्रत्येक सांध्यावरून तो फिरव. धागा अडकला तर जंतूही अडकणार. सांध्याजवळ निळा-काळा जळका रंग दिसला तर विचार, ॲसिडने पॅसिव्हेट केलंय का, म्हणजे गंज न धरणारा थर परत आणलाय का. तो माणूस ‘बाहेरून पॉलिश करून देतो’ म्हणाला तर चहा पी आणि निघ. घरचं ब्लीच स्टीलच्या आसपास ठेवूसुद्धा नको. आम्ही एक जुनी दुधाची टाकी स्वस्तात उचलली होती, आधीच्या मालकाने ती क्लोरीनने धुतलेली. सांध्यालगत सुईने टोचल्यासारखी भोकं. दोन वर्षं जे जे आंबट झालं ते तिच्यातच.

आणि टाकीवर व्हॅक्युम वाल्व हवा म्हणजे हवा. गरम कॉस्टिक सोड्याने धुऊन लगेच गार पाणी मारलं की आतली वाफ आकसते. टाकीत कार्बन डायॉक्साइड उरला असेल तर तोही कॉस्टिक शोषून घेतं. बाहेरची हवा मग टाकीला मुठीत धरून दाबते. दाब सहन करणारी टाकी ओढ सहन करत नाही. वरचं झाकण उघडं ठेवल्याशिवाय धुणं नाही, हे भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेव. तोच कार्बन डायॉक्साइड हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो, त्याला वास नाही. त्याचं अलार्मचं यंत्र पहिल्या दिवसापासून. टाकीत डोकं घालून कुणी आत बघायचं नाही, तूही नाही.

उकळायला वाफ की वीज, हा तुझा मोठा प्रश्न होता, माझ्या मते तो छोटा आहे. ५०० लिटरला वीज चालते. २४ ते ३० किलोवॅटचे हीटर आणि थ्री फेज. त्यासाठी वीज खात्याकडून वाढीव लोड मंजूर करून घ्यावा लागेल, तो अर्ज कढईच्या ऑर्डरआधी कर. वाफेची उकळी जास्त मवाळ, करपण्याची भीती कमी, पण बॉयलर आला की त्याचे नियम आले. पंचवीस लिटरच्या आतले नॉन-आयबीआर, म्हणजे बॉयलरच्या नियमांबाहेरचे, मिळतात, ते पुढे वाढशील तेव्हा बघू. जनरेटर मात्र आताच घे, हीटर चालवण्याइतका नको, फक्त चिलर, पंप आणि शीतगृह चालेल एवढा. जुलैत झाड तारांवर पडलं तर उकळी उद्यावर टाकता येते. भरल्या टाकीतलं यीस्ट मात्र थांबत नाही, ते स्वतःच्याच उष्णतेने तापत जातं.

माल्टची गिरणी साधी, दोन रोलरची. बारा प्लेटोच्या (प्लेटो म्हणजे वर्टमधल्या साखरेचं माप) ५०० लिटरला नव्वद-पंचाण्णव किलो माल्ट लागतो, दोन माणसांचं सकाळचं काम. पण माल्ट ठेवायचा कुठे? पावसात तो पापडासारखा सादळतो, मग गिरणीत चेपतो, फुटत नाही. घट्ट झाकणाची पिंपं घे आणि फुटलेल्या पोत्यातलं आधी संपव. घाण्यानंतर शंभराच्या वर किलो ओला चोथा उरतो आणि संध्याकाळपर्यंत आंबतो. मशीन घेण्याआधी जवळच्या गोठेवाल्याशी बोलून ठेव.

पाणी आपलं लाल डोंगरातलं, मवाळ. बियरला बरं, थोडं कॅल्शियम घालावं लागतं इतकंच. पण क्लोरीन. माझ्याकडे ओप्याच्या जलशुद्धीकरण केंद्राचं पाणी येतं, पावसाचा जोर असला की नळ उघडताच स्विमिंग पूलचा वास. ते क्लोरीन माल्टशी जुळलं की बियरला दवाखान्याचा वास येतो. कार्बन फिल्टर लहान बसवू नकोस, आणि कांडी बदलल्याची तारीख त्याच्यावरच लिही.

कॅनचं मशीन नको. यंदा नकोच. २० आणि ३० लिटरचे केग, म्हणजे बियर भरायची स्टीलची पिंपं, घे, आणि जे पैसे उरतील ते शीतगृहात घाल. तुझी बियर पाश्चराइज केलेली नसेल, केग जिथे जाईल तिथे थंडी बरोबर जायला हवी. शॅकवाला केग वाळूत उन्हात ठेवतो आणि दोष तुझ्या नावावर येतो.

अबकारी खात्यात आणि प्रदूषण मंडळात आगाऊ पैसे देण्याआधी जाऊन ये. शेडचा नकाशा, टाक्यांची जागा, सांडपाणी कुठे जाणार, हे ते विचारणारच. तो नकाशा काढताना तुझ्या लक्षात येईल की जमिनीला गटाराकडे उतार नाही. मी शेड पाहिली नाही, पण भाड्याच्या गोदामात तो कधीच नसतो. उतार टाक्या आल्यावर करता येत नाही.

तिसऱ्या पुरवठादाराला अजून नाही म्हणू नकोस. त्याने निदान आकडा लिहिला. वरचे प्रश्न त्याला पाठव आणि तो किती दिवसांत, कसं उत्तर देतो ते बघ. वैतागला तर बरंच झालं, आताच कळलं.

रविवारी जेवायला ये. काकू सुंगटाची आमटी करणार आहे. येताना डिचोलीच्या नळाचं दोन लिटर पाणी स्वच्छ बाटलीत आण, आणि शनिवारी दुपारी तीनला त्या नळाखाली थर्मामीटर धरून आकडा लिहून आण. टाकीतून नको, नळाखाली, पाच मिनिटं पाणी वाहू देऊन.

तुझा,
काका

ता. क. आजोबांचं तांब्याचं भाण अजून माळ्यावर आहे असं तुझे बाबा म्हणाले. विकू नकोस. तांब्याचं काहीतरी दारात मांडायची हौस आहे ना तुला, ते मांड.