एसएसची अल्बेनियन डिव्हिजन आणि ज्यूंना लपवणारी अल्बेनियन घरं: दोन्ही खरं कसं?

तुम्ही विचारलंय की ज्यूंना घरात लपवणारे म्हणून अल्बेनियन लोकांचं कौतुक होतं, मग एसएसमध्ये, म्हणजे हिटलरच्या नाझी पक्षाच्या सशस्त्र संघटनेत, त्यांचीच डिव्हिजन कशी होती, यातलं खरं काय. दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही १९४४ सालातलंच आहे.

त्यासाठी आधी कोसोवोत जावं लागतं, म्हणजे अल्बेनियाच्या शेजारच्या, तेव्हा युगोस्लाव्हियात असलेल्या भागात. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात युगोस्लाव्हियाने तिथल्या अल्बेनियन शेतकऱ्यांच्या जमिनी काढून सर्ब आणि माँटेनेग्रिन वसाहतकऱ्यांना दिल्या. अल्बेनियन भाषेत सरकारी शाळा नव्हती. एप्रिल १९४१ मध्ये जर्मनी-इटलीने युगोस्लाव्हिया मोडला आणि कोसोवोचा मोठा भाग इटलीच्या ताब्यातल्या अल्बेनियाला जोडला गेला. पोरांना आपल्या भाषेत शाळा मिळाली. आपण ज्याला आक्रमक म्हणू, तो तिथल्या कित्येकांना सोडवणारा वाटला. आणि लगोलग वसाहतकऱ्यांची घरं जळू लागली, हजारो सर्ब कुटुंबं घरदार टाकून पळाली. जमिनीचं दुःख सांगायचं आणि या जळलेल्या घरांबद्दल गप्प बसायचं, किंवा याच्या उलट, असं लिहिलेलं मी खूप वाचलंय आणि दर वेळी चीड येते.

खुद्द अल्बेनियात गोष्ट निराळी होती. ७ एप्रिल १९३९ ला इटलीचं सैन्य उतरलं, राजा झोग देश सोडून गेला आणि अल्बेनियन सैन्य इटालियन सैन्यात मिसळून टाकलं. ऑक्टोबर १९४० मध्ये इटलीने ग्रीसवर चढाई केली तेव्हा अल्बेनियन पलटणीही पाठवल्या. त्यातले बरेच जण लढलेच नाहीत, कित्येक पळून गेले.

सप्टेंबर १९४३ मध्ये इटली शरण गेली आणि जर्मन आले. त्यांनी अल्बेनियाला कागदोपत्री स्वतंत्र ठेवलं आणि कोसोवो जोडलेला राहील असा भरवसा दिला. युगोस्लाव्हिया परतला तर जमीन, शाळा सगळं पुन्हा जाणार, ही धास्ती घराघरात होती. जर्मनांची भरती त्या धास्तीवर चालली. (सुभाषबाबूंनी जर्मनीत उभी केलेली आपली आझाद हिंद लीजनही ऑगस्ट १९४४ मध्ये वाफेन-एसएसकडे, म्हणजे एसएसच्या लढाऊ शाखेकडे, वर्ग झाली होती, त्यामुळे शत्रूच्या शत्रूला जवळ करण्याचा हिशेब आपल्याला अगदीच परका नाही.)

मे १९४४ मध्ये उभी राहिली ती एसएसची २१ वी डिव्हिजन, ‘स्कँडरबेग’. पंधराव्या शतकात ऑटोमन सैन्याला पंचवीस वर्षं झुंजवणाऱ्या वीराचं नाव तिला दिलं. दंडावर लाल ढालीत काळा दुतोंडी गरुड, म्हणजे अल्बेनियाच्या झेंड्यावरचाच, डोक्यावर त्यांच्याकडची नमद्याची गोल टोपी, आणि त्या टोपीवर एसएसची कवटी. १४ मे रोजी याच सैनिकांनी कोसोवोतल्या प्रिश्टिनात ज्यूंच्या घरांवर छापे घालून २८१ जणांना पकडलं आणि जर्मनांच्या हवाली केलं. त्यांतल्या अनेकांना बर्गन-बेल्सनला नेलं. जमीन गेली होती, शाळा नव्हती, हे सगळं मला समजतं. पण प्रिश्टिनाच्या ज्यूंनी कुणाची जमीन घेतली होती?

लढाईत ही डिव्हिजन कुचकामी ठरली. माणसं जेमतेम साडेसहा हजार, त्यांतली निम्म्याहून जास्त शरद ऋतूपर्यंत पळाली. १ नोव्हेंबर १९४४ ला ती बरखास्त झाली. तिचा जर्मन सेनापती आउगुस्ट श्मिडहुबर याला १९४७ मध्ये बेलग्रेडमध्ये फाशी झाली.

त्याच काळात जुन्या, म्हणजे कोसोवो जोडण्यापूर्वीच्या अल्बेनियात, बेरातसारख्या गावांत, मुसलमान आणि ख्रिस्ती कुटुंबं ज्यूंना आपली वेशभूषा आणि नावं देऊन पाहुणे म्हणून ठेवत होती. याला ते ‘बेसा’ म्हणतात: दाराशी आलेल्याला दिलेला शब्द, जो जिवावर बेतलं तरी मोडायचा नाही. युद्ध संपलं तेव्हा तिथे युद्धापूर्वीपेक्षा जास्त ज्यू होते.

या सगळ्याची गाठ एका माणसात दिसते, कोसोवोतल्या मित्रोवित्साचा जाफर देवा. तो अल्बेनियाच्या जर्मनधार्जिण्या सरकारचा गृहमंत्री होता, ‘स्कँडरबेग’ उभी करण्यात त्याचा हात होता, आणि ४ फेब्रुवारी १९४४ ला तिरानात त्याच्या हाताखालच्या पोलिसांनी ८० हून अधिक लोकांना ठार केलं. युद्धानंतर तो अमेरिकेत स्थायिक झाला. २०२२ मध्ये मित्रोवित्सातल्या त्याच्या घराची डागडुजी युरोपीय संघाच्या पैशांतून करायचं ठरलं, तेव्हा जर्मनीच्याच राजदूताने त्यावर आक्षेप घेतला आणि काम थांबवावं लागलं.